हिरवा कोबा

अंकिताला त्या चार चटयांतून काय मिळणार होतं, ते आधी मोजून टाकलेलं बरं. कमिशन नाही, कारण कृष्णकांत शेटच्या वर्कशॉपात कमिशन खाणाऱ्याला शेट स्वतः गेटपर्यंत सोडायला येत असे, आणि परत बोलवत नसे. बढती नाही, कारण ऑफिसात ती एकटीच. खरेदी तिची, हजेरी तिची, चहाचे कपही तिचेच. मिळणार होती ती संध्याकाळची सात ते आठ ही वेळ आणि कोन गावातल्या तिच्या घरातली मधली खोली.

घराची मांडणी अशी, की ओटीवरून स्वयंपाकघरात जायचं तर मधल्या खोलीतून जावं लागे. आणि संध्याकाळी सात वाजता मधल्या खोलीत तिचे सासरे तुळशीराम पाय भिंतीला लावून आडवे झालेले असत. पँट गुडघ्यापर्यंत वर, सासूबाई रंभा तेलाची वाटी घेऊन पायाशी, आणि दाराला पडदा. सासऱ्याचे पाय उघडे असताना सुनेनं त्या खोलीत पाऊल टाकायचं नाही, हे त्या घरात कोणी कोणाला सांगितलेलं नव्हतं. सांगावं लागत नव्हतं. अंकिताला लग्न होऊन तीन वर्षं झाली होती. घोट्याच्या वर सासऱ्यांचा पाय कसा दिसतो हे तिला माहीत नव्हतं.

तेव्हा ऑफिसातून दमून आलेली सून ओटीच्या खांबाला टेकून एक तास उभी. आत तासभर रंभाचे हात चालू. नवरा हरेश उलव्याला डंपर चालवायचा, तो आठला भुकेला यायचा आणि भात अजून चुलीवर चढलेला नसायचा. म्हणजे एका माणसाच्या दोन पायांसाठी चार माणसांची संध्याकाळ खर्ची पडत होती. त्या पायांचं दुखणं निम्म्यानं जरी कमी झालं असतं, तरी घरात प्रत्येकाच्या वाट्याला काहीतरी आलं असतं. अंकिता बी.कॉम. होती, हा हिशेब तिला कागदावर न मांडता दिसत होता.

तुळशीराम शेटच्याच वर्कशॉपात टर्नर, लोखंड कातणारा. बावीस वर्षं एकाच लेथवर, त्याच जागी. वर्कशॉपात पाच मशिनं आणि पाच माणसं, आणि शेटचा नियम एकच, की स्टूल आत आणायचं नाही. बसलेला कारागीर झोपतो आणि झोपलेला बोटं घालवतो, असं शेटचं मत. कारागिरांनीही ते मत इतकी वर्षं मिरवलं होतं. टर्नर कधी बसतो का, असं ते नव्या पोरांना ऐकवत.

पूर्वी निदान पायाखाली लाकूड होतं. जुना कोबा फुटका, तेल प्यालेला, म्हणून प्रत्येक मशिनसमोर फळ्यांची जाळी टाकलेली असे. तुळशीरामच्या जाळीला त्याच्या दोन पावलांचे खळगे पडले होते. मग गेल्या दिवाळीआधी माल घेणाऱ्या मोठ्या कंपनीची माणसं बघायला आली. त्यांना लाकूड दिसलं, तेल दिसलं, आणि त्यांनी दोन्हीकडे बोट दाखवलं. शेटनं कोबा नवा केला. काचेसारखा गुळगुळीत, हिरवा रंग, कडेनं पिवळे पट्टे. फळ्या हायवेवरच्या हॉटेलवाल्यानं भट्टीसाठी नेल्या. फोटोत वर्कशॉप एवढं देखणं दिसायला लागलं, की शेटनं तो फोटो मोबाईलच्या पडद्यावर ठेवला. त्या देखणेपणावर उभं कोण राहतं, हे फोटोत येत नाही.

माघात कल्पेश आला. हातमोजे, चष्मे, कानातली बुचं असला माल विकणारा पोरगा. त्याच्या पिशवीतून त्यानं काळ्या रबराचा हातभर तुकडा काढून शेटच्या टेबलावर ठेवला.

"शेट, अंगठ्यानं दाबून बघा."

शेटनं दाबलं. "कल्पेश, मागल्या वर्षी तू कानाची बुचं विकलीस. ती आमचे लोक थम्सअपच्या बाटलीला लावतात."

"ही उभं राहायची चटई आहे. माणूस चालतो तेव्हा पोटऱ्या पंपासारख्या चालतात, रक्त वर ढकलतात. कोब्यावर एका जागी दहा तास उभा राहिला की पंप बंद, रक्त खाली साचतं. ह्याच्यावर पाय जरा जरा हलत राहतात. उभं राहणाऱ्याला कळतसुद्धा नाही, पण पोटरी काम करते."

"मग कापसाची गादीच टाकतो की."

"फार मऊ नको. वाळूत उभं राहिल्यासारखं होतं, उलट जास्त दमतो माणूस. शिवाय एक पाय टेकवायला वीतभर उंच ठोकळा द्या, आणि तासाला पाच मिनिटं बसू द्या."

बसू द्या म्हटल्यावर शेटचा चेहरा बंद झाला. तो उघडायला अंकिता मधे पडली. "सर, पंधरा दिवस ट्रायल घेऊ. चार चटया. आवडल्या तर ठेवू, नाहीतर परत."

शेट माणूस वाईट नव्हता. फक्त त्याचा विश्वास माणसापेक्षा कागदावर जास्त होता. "फॉर्म कर," तो म्हणाला. "ट्रायल संपली की एकेकाला विचारून लिही. चारांतल्या तिघांनी फरक पडला म्हटलं, तर घेऊ."

चटया चार आणि माणसं पाच. ड्रिलवरच्या धर्मराजला चटई मिळाली नाही. तो जॉब, म्हणजे कातायचे नग, आणायला-न्यायला फिरतो, एका जागी उभा नसतो, असा हिशेब अंकितानंच केला होता. हिशेब बरोबर होता. पण बरोबर हिशेबानंही माणूस दुखावतो, हे तिच्या लक्षात आलं नाही.

पंधरा दिवसांत काय झालं, ते तिनं स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर पेन्सिलीनं टिपून ठेवलं होतं. चौथ्या दिवशी पडदा साडेसातला उघडला. आठव्या दिवशी सव्वासातला. अकराव्या दिवशी ती गेटातून आत आली, तर तुळशीराम ओटीवर बसून शेजारच्या पोराच्या पतंगाचा गुंता सोडवत होते. तिला बघून त्यांनी लेंगा घोट्यावर ओढला आणि म्हणाले, "जा गो आत. मोकलं हाय." त्या दिवशी हरेश आला तेव्हा भात तयार होता. त्यानं दोनदा वाढून घेतला आणि घड्याळाकडे बघून बायकोला विचारलं, "आज काय सन हाय काय?"

इकडे वर्कशॉपात धर्मराज गप्प बसणारा नव्हता. पाचवीपासून तो कोणाची ना कोणाची थट्टा करत आला होता. त्यात विष नसे. पण चटई न मिळालेल्या माणसाच्या थट्टेत थोडं तिखट येतंच.

"तुलशीदा," तो डबा खाताना म्हणाला, "सुनेनं गादी आनली. उशी कवा येते?"

सगळे हसले. तुळशीरामही हसले.

"मना वाटतं मी पन माझी पोर हापिसात लावतो. मंजे मना पन गादी भेटंल. घरचा मानूस हापिसात पायजे, काय शेट?"

शेट तिथं नव्हताच, ते शेटचं नाव नुसतं फोडणीला होतं. पण तुळशीरामच्या हातातला भाकरीचा तुकडा तिथंच थांबला. सुनेला ही नोकरी मिळाली ती त्यांनी शब्द टाकला म्हणून. बावीस वर्षांत शेटकडे त्यांनी मागितलेली ती एकच गोष्ट. आता लोक म्हणणार, सुनेला आत घातली आणि सुनेकडून गादी घेतली. त्यांनी डबा बंद केला. भाकरी अर्धी आत राहिली होती, ती घरी रंभानं कुत्र्याला घातली आणि विचारलं नाही.

फॉर्मच्या दिवशी चौघं ऑफिसच्या दाराशी ओळीनं उभे राहिले. सुपरवायझर केतन कडेला. म्हाताऱ्याचा मान म्हणून तुळशीराम पहिले.

अंकितानं पेन हातात घेतलं. तिला ही गोष्ट आधी सुचायला हवी होती. फॉर्म केतनच्या हातात द्यायला हवे होते. घरात जे पाय ती बघू शकत नव्हती, त्या पायांबद्दल ती आता चार माणसांसमोर, टेबलापलीकडून, विचारणार होती.

"मामा," ती म्हणाली. घरी सासऱ्यांना मामा म्हणायची, तेच तोंडातून निघालं आणि मागे कोणीतरी खाकरलं. "काम संपल्यावर पाय दुखतात का? चटईच्या आधी?"

तुळशीराम तिच्या डोक्यावरच्या कॅलेंडरकडे बघत होते. "नाय."

"सूज? जडपणा?"

"नाय."

"आणि चटईनंतर? काही फरक?"

"आधी नव्हता तर नंतर फरक कुठला?" ते म्हणाले. "लिव. मना काय तरास नाय. आधीबी नाय नि आताबी नाय."

पेन तिच्या हातात होतं. दोन अक्षरांचं काम होतं, आणि सासरे वाचत नव्हते, नुसती सही करणार होते. तिनं त्यांनी सांगितलं तेच लिहिलं. त्यांच्या मागून आलेल्या दोघांनी, जिथं तुळशीदाला त्रास नाही तिथं आपण कुठले नाजूक, अशा तोऱ्यात नाही म्हटलं. चौथ्यानं थोडं बरं वाटतं म्हटलं, मग मागे बघितलं आणि म्हणाला, "पन नसलं तरी चालंल."

शेटनं कागद वाचले. "बघ," तो अंकिताला म्हणाला, "आपले लोक दणकट आहेत." त्यात त्याला खरोखरच अभिमान वाटत होता. दुसऱ्या दिवशी कल्पेश टेम्पो घेऊन आला, चटया गुंडाळल्या आणि घेऊन गेला.

त्या संध्याकाळी ती ओटीवर उभी असताना पडद्याआडून आवाज येत होता. बोलणं रंभाशी होतं, पण मुद्दाम तिला ऐकू जाईल इतकं मोठ्यानं.

"हापिसात बसते ती. तिचं नाव चांगलं रव्हायला पायजे. सासऱ्याची सोय बघते, असं चार लोकांनी बोलायला नको."

"नि पाय?" रंभा म्हणाली.

"पाय माजे हायत."

अंकितानं खांबाला डोकं टेकलं. पडदा आठ वाजून दहा मिनिटांनी उघडला.

मग ऊन चढलं. पनवेलचा उन्हाळा अंगाला ओल्या फडक्यासारखा चिकटतो. पत्र्याच्या शेडमध्ये तर तो फडक्यावरून इस्त्री फिरवतो. त्यातच मोठी ऑर्डर आली. लोखंडी फ्लँज, म्हणजे पाइप जोडायच्या चकत्या, चारशे नग, प्रत्येकाचं भोक आतून कातून केसाच्या मापावर आणायचं. ते काम तुळशीरामशिवाय कोणाच्या हाताला जमणारं नव्हतं. दहाचे बारा तास झाले. लेथच्या खाली बुरा गोळा करणारा ट्रे होता, त्याच्या कडेवर ते कधी डावा पाय टेकवत, कधी उजवा. कात घेताना, म्हणजे हत्यार लोखंडात शिरलेलं असताना, मात्र दोन्ही पाय खाली लागत, नाहीतर हात हलतो.

एके दिवशी रंभा अंकिताला मोरीकडे घेऊन गेली. फरशीच्या सांध्यात तांबडी रेघ होती.

"आंगोली करताना घोट्याच्या वरची खपली निंगाली. धार लागली गो, पिचकारीवानी. बोट दाबलं तवा थांबली." मग आवाज खाली आणून, "तू पायले नाय पाय. आंब्याच्या मुल्या जमिनीवर येतान ना, तशा शिरा हायत. कातडी काली पडले. बोट लावलं तरी खाजते."

हरेशनं डंपरला खाडा टाकला आणि बापाला पनवेलला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरनं पायाचा फोटो काढून आणायला सांगितलं, घट्ट मोजे लिहून दिले, ऑपरेशनची तारीख घ्या म्हणाला, आणि उभ्याचं काम आजपासून बंद. तुळशीरामनी मोजे दोन दिवस घातले. शेडच्या उकाड्यात ते मांडीपर्यंतचे मोजे म्हणजे पाय पिशवीत घालून वाफवण्यासारखं. तिसऱ्या दिवशी ते मोजे दोरीवर वाळत होते आणि पुढे दोरीवरच राहिले.

अंकितानं शेटला गाठलं. सासऱ्यांना न विचारता. शेटनं तिचं म्हणणं सबंध ऐकून घेतलं.

"किती नग राहिले?" त्यानं विचारलं.

"एकशे दहा."

"अकरा दिवस. एवढे जाऊ दे. मग तुळशीरामला मापाच्या टेबलावर बसवतो. खुर्चीवर बसून नुसतं वर्निअर लावायचं, पगार तोच. माझा शब्द." वर तो म्हणाला, "फॉर्मात तर त्यानं काही लिहिलं नव्हतं."

"नाही," अंकिता म्हणाली. "मीच लिहिला तो फॉर्म."

घरी हे तुळशीरामना कळलं. जेवताना त्यांनी रंभाला विचारलं, "त्या टेबलाला पंखा हाय काय?" अंकिताला त्यावरून कळलं, की ते कबूल आहेत. अकरा दिवस. तिनं कॅलेंडरवर खुणा करायला सुरुवात केली.

ह्या अकरा दिवसांत आणखी एक गोष्ट झाली, ती सांगायला हवी. मोठ्या कंपनीचा आग्रह होता, की प्रत्येक वर्कशॉपात प्रथमोपचार शिकलेला एक तरी माणूस पाहिजे. कारागीर मशिन सोडायला तयार नव्हते, म्हणून शेटनं अंकिताला पाठवलं. अर्ध्या दिवसाचा वर्ग, करंजाड्याच्या एका हॉलमध्ये. शिकवणाऱ्या बाईंनी बाहुल्यावर दाबून दाखवलं, भाजलं तर काय, शॉक लागला तर काय. अंकितानं रंभाची मोरी डोळ्यांसमोर ठेवून एकच प्रश्न विचारला.

"पायाची फुगलेली शीर फुटली तर?"

"ताबडतोब आडवं झोपवायचं. पाय उंच धरायचा, छातीच्या वर. आणि रक्त येतं तिथं अंगठ्यानं दाबायचं, बस्स. वरच्या बाजूला आवळून बांधायचं नाही, त्यानं वाढतं. उभं ठेवायचं नाही आणि बसवायचं तर मुळीच नाही."

हे सगळं अंकितानं वहीत लिहून घेतलं. तिच्या ओढणीला एक हिरवा बिल्ला लागला.

सातवा दिवस, मंगळवार, जेवणाच्या सुट्टीला थोडा वेळ होता. तुळशीराम शेवटचा कात घेत होते. डावा बूट आत ओला लागायला लागला. हत्यार थंड ठेवणाऱ्या पाण्याचा, कूलंटचा पाइप गळत असेल असं त्यांना वाटलं. तो पाइप चार दिवस गळतच होता. भोक निम्मं कातून झालं होतं आणि तिथं थांबलं तर आत पायरी पडते, नग वाया जातो. त्यांनी कात पुरा केला. मशिन बंद केलं, नग काढला, फडक्यानं पुसला, मापून बघितला. माप बरोबर होतं. मग तो टेबलावर ठेवायला ते चार पावलं चालले.

धर्मराजनं ती पावलं बघितली. हिरव्या कोब्यावर तांबडी, एकेक बुटाच्या नक्षीसकट.

"तुलशीदा, रगत."

मशिनं थांबली. बाकीचे चौघं आणि केतन गोळा झाले. जे झालं ते इतक्या प्रेमानं झालं, की कोणाला दोष देता येत नाही. बावीस वर्षं उभ्या असलेल्या माणसाला कुठे बसवायचं, तर केतन धावत शेटच्या केबिनमधून शेटची खुर्ची घेऊन आला. उंच पाठीची, हाताची, चाकांची. तुळशीराम नको नको म्हणत होते. "शेटची हाय ती, खराब होईल." त्यांना धरून बसवलं. धर्मराजनं खाली बसून बूट काढला, त्यातलं ओतलं, आणि स्वतःचा रुमाल गुडघ्याच्या खाली करकचून आवळला. रक्त वाढलं. त्यानं दुसरा रुमाल मागितला.

अंकिता प्रथमोपचाराची पेटी घेऊन दारात आली तेव्हा हे चित्र होतं. तिला एका नजरेत कळलं, की सगळं उलटं चाललं आहे. खुर्ची चूक, लोंबता पाय चूक, वर बांधलेला रुमाल चूक. ती तोंड उघडणार, तेवढ्यात तुळशीरामनी तिला बघितलं. त्यांचा चेहरा चुन्यासारखा झाला होता, तरी हात खाली गेला आणि त्यांनी गुडघ्यापर्यंत वर केलेली पँट खाली ओढली.

"तू नको गो इकरं," ते म्हणाले. "जा. हापिसात जा."

ती गेली नाही. पुढेही आली नाही. पेटी दोन्ही हातांत धरून ती पिवळ्या पट्ट्यावर उभी राहिली. तिच्या पुढे पाच पुरुषांच्या पाठी होत्या. ती म्हणाली, "त्यांना आडवं करा." आवाज बारीक निघाला आणि त्या पाठींपलीकडे गेला नाही. केतन फोनवर ॲम्ब्युलन्सला पत्ता सांगत होता, कोनचा फाटा, पंपाच्या मागे, नाही नाही, जुन्या रोडनं. ती पुन्हा म्हणाली, "केतनदादा, झोपवायला पाहिजे." केतननं तिच्याकडे हात करून थांब म्हटलं. धर्मराज दुसरा रुमाल आवळत होता. कोणी पाणी आणलं. कोणी वारा घालत होतं. पँटच्या खालून रक्त टपकत होतं आणि शेटच्या खुर्चीचं एक चाक त्यात फिरत होतं.

तिला जायचं होतं एवढ्या पाच पावलांवर. तिथं गुडघे टेकायचे, सासऱ्यांची पँट वर करायची, उघडा पाय हातात घ्यायचा, सगळ्यांसमोर. हे दुसरं कोणीतरी करेल, आता करेल, अशी ती वाट बघत राहिली.

मग तुळशीरामची मान कलली.

तेव्हा ती धावली. तिनं धर्मराजला बाजूला लोटलं, खुर्ची मागे ओढली, आणि केतनच्या मदतीनं त्यांना कोब्यावर आडवं केलं. रुमाल सोडले. पँट फाडली. पाय उचलून स्वतःच्या खांद्यावर घेतला. आयुष्यात पहिल्यांदा तिनं तो पाय बघितला. मुळ्या, काळी कातडी, आणि घोट्याच्या वर एक भोक, हरभऱ्याच्या दाण्याएवढंसुद्धा नाही. तिनं त्यावर अंगठा ठेवला.

रक्त थांबलं. लगेच. नळ बंद करावा तसं.

तुळशीरामचे ओठ हलले. ती वाकली. "सूनबाई," ते म्हणाले, "पायाला नको हात लावू."

ॲम्ब्युलन्सची वाट न बघता शेटनं स्वतःची गाडी काढली. मागच्या सीटवर ते आडवे, पाय तिच्या खांद्यावर, अंगठा जागेवर. मोठ्या पुलाखाली गाड्या अडल्या होत्या. शेट हॉर्नवरचा हात काढत नव्हता. धर्मराज खिडकीतून अर्धा बाहेर निघून लोकांना हात जोडत होता. हॉस्पिटलच्या दारात तिचा अंगठा सोडवायला नर्सला तिची बोटं एकेक करून उचलावी लागली. आत नेल्यावर डॉक्टर दहा मिनिटांत बाहेर आले. त्यांनी विचारलं, "रक्त सुरू झाल्यावर ह्यांना आडवं कधी केलं?" कोणालाच नक्की सांगता येईना.

नक्की किती, ते अंकिताला तीन दिवसांनी कळलं. विम्याच्या माणसाला वर्कशॉपातल्या कॅमेऱ्याचं चित्रण हवं होतं, आणि चित्रण काढून द्यायचं काम ऑफिसचं. शेट म्हणाला, केतन करेल, तू घरी राहा. ती आली. तिनं पडद्यावर बघितलं, की अकरा बेचाळीसला एक बाई पेटी घेऊन दारात येते. अकरा बेचाळीसपासून अकरा शेहेचाळीसपर्यंत ती बाई उभी आहे. चित्राला आवाज नव्हता, त्यामुळे ती दोनदा बोलली होती हेही त्यात नव्हतं. तिनं पेन ड्राइव्हवर उतरवून घेतलं, पाकिटात घातलं, पाकिटावर नाव लिहिलं.

चटया असत्या तर शीर फुटली नसती काय, हे छातीवर हात ठेवून कोणीच सांगू शकत नाही. डॉक्टरही म्हणाला, पाय आधीच गेलेले होते. अंकितानं तो भाग स्वतःपुरता बाजूला काढून ठेवला. तो शेटचा, केतनचा, तुळशीरामचा, हायवेवरच्या हॉटेलवाल्याच्या भट्टीचा, सगळ्यांचा मिळून होता. चार मिनिटं तेवढी वेगळी निघत होती.

तुळशीरामच्या दहाव्याला घरात मंडळी जमली. ओटी भरली, मधली खोली भरली. तिथला पडदा रंभानं काढून धुवायला टाकला होता. आता त्या खोलीतून कोणीही, कधीही जात होतं. उरणहून तुळशीरामची बहीण भामा आली होती. रंभा तिच्याजवळ भिंतीला टेकून बसली होती आणि चारचौघींना सांगत होती.

"रगत निंगालं नि पयली धावली ती आमची सून. गडी मानसं नुसती बघत रव्हली. हिनं लाज बाजूला ठेवली नि पाय खांद्यावर घेतला. दवाखान्यापर्यंत सोडला नाय. पोटच्या पोरीनं केला नसता इतका केला." तिनं डोळे पुसले आणि दारात बसलेल्या धर्मराजकडे बघितलं. "इचारा ह्याला. हा व्हता तिथं."

अंकिता चहाचा ट्रे घेऊन मधल्या खोलीच्या उंबऱ्यावर उभी होती. धर्मराजनं मान वर केली. त्यानं दोन्ही रुमाल बांधले होते, आणि ती पिवळ्या पट्ट्यावर उभी असताना मागे वळून तिच्याकडे बघितलंही होतं. ह्या दहा दिवसांत तो एकदाही कोणाला हसवू शकला नव्हता. दोघांची नजर मिळाली.

"व्हय," धर्मराज म्हणाला. "पयली तीच धावली."

भामानं अंकिताचा हात ओढून तिला जवळ बसवलं आणि तिच्या तोंडावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. मुलाबाळांना सांगा हो, म्हणाली कोणीतरी, सून असावी तर अशी.

कोणी काय मोजलं, ते सांगायला आता थोडंच राहिलं. शेटनं एकशे दहातले उरलेले नग दुसऱ्या वर्कशॉपातून करून घेतले आणि आपल्याकडे पाच मशिनांसमोर पाच चटया टाकल्या, फॉर्म न भरता. हरेशनं महिनाभर डंपर सोडला. रंभाच्या हातांना संध्याकाळी काम राहिलं नाही, ती ते नुसते मांडीवर ठेवून बसते. धर्मराजनं खोटं बोलून आपल्या थट्टेची थोडीफार भरपाई केली, असं त्याला वाटलं असावं. तुळशीरामनी सुनेचं नाव चांगलं राहावं म्हणून जे काही होतं ते सगळं दिलं, आणि नाव खरंच चांगलं राहिलं. कोनपासून उरणपर्यंत बायका ते घेतात.

अंकितानं चहा वाटला. कप परत गोळा केले. त्या चार मिनिटांबद्दल तिला कोणी काही विचारलं नाही, आणि पुढेही विचारणार नव्हतं.